कोंबडीचा कर आणि पिकअपचा हौदा

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

‘पिकअप उलटून इतके मजूर जखमी’ ही बातमी मी बावीस वर्षांत किती वेळा लिहिली असेल याची मोजदाद नाही. घाट बदलतो, आकडा बदलतो, ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे शब्द मात्र तेच. ज्या हौद्यात टोमॅटोचे क्रेट असायचे तिथं माणसं का बसली होती, आणि पुढं केबिनमध्ये दोघा-तिघांपुरतीच जागा का होती, हे कोणी विचारत नाही. गाडीचा आकार जणू शिवनेरीसारखा, पहिल्यापासून तसाच. पण पिकअपचा आकार बऱ्याच अंशी सरकारं ठरवतात. जकातीनं, करानं, वजनाच्या मर्यादेनं. हे मला समजलं ते पिकअपची छोटी मॉडेल बनवताना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी एकास चोवीस प्रमाणात मालवाहू गाड्यांची मॉडेल बनवतो. (घरच्यांच्या भाषेत ‘पेपरचं काम सोडून खेळणी’.) हिशेब सोपा आहे. खरा एक फूट म्हणजे मॉडेलचा अर्धा इंच. परदेशी प्लास्टिकचं किट परवडत नाही, म्हणून माझा माल म्हणजे सनबोर्ड, फेव्हिक्विक, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा आणि जाड लग्नपत्रिका. पत्रकाराला पत्रिका भरपूर येतात, तो एक फायदा. पत्रिका किंचित ओलसर करून बाटलीभोवती गुंडाळली की बोनेटची गोलाई येते. कॅनच्या पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की पाटे तयार. टायरला जुन्या स्लीपरचा तळ. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात मी टेप घेऊन एका पिकअपखाली शिरलो, तेव्हा शेजारचे दोन ड्रायव्हर गाडी सोडून चहाच्या टपरीमागं गेले. त्यांना वाटलं आरटीओचा माणूस आला.

तर या नादात एका फळीवर पाच हौदे शेजारी शेजारी आले. पहिला १९२५ च्या फोर्डचा, सव्वादोन इंचांहून थोडा मोठा. दुसरा जुन्या अमेरिकी पिकअपचा पूर्ण लांबीचा, म्हणजे ८ फुटी, चार इंच. तिसरा आजच्या चार दारांच्या फोर्ड एफ-१५० चा, खरा साडेपाच फूट, मॉडेलमध्ये पावणेतीन इंच. चौथा आपला छोटा हत्ती, टाटा एस, खरा सात फुटांच्या आसपास, साडेतीन इंच. पाचवा बोलेरो मॅक्स पिकअप, मोठी आवृत्ती, खरा १० फूट, बरोबर पाच इंच.

आता बघा. एफ-१५० ही गाडी सव्वाएकोणीस फूट लांब. छोटा हत्ती साडेबारा फूट. तरी हत्तीचा हौदा दीड फुटानं मोठा! मी तीनदा मोजलं. मग ही भानगड काय आहे ते शोधायला बसलो, आणि वाचता वाचता कोंबडीपाशी पोचलो.

पण आधी थोडं मागं जाऊ. मोटारीच्या पहिल्या काळात अमेरिकी शेतकरी स्वतःच गाडीचा मागचा भाग काढून तिथं लाकडी खोका ठोकायचा. हे पाहून फोर्डनं एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच पत्र्याचा हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, हौदा ५६ इंचांचा, मागं फाळका. पुढं १९४८ मध्ये फोर्डची एफ मालिका आली. एफ-१ म्हणजे अर्धा टन, वरच्या आकड्यांना पाऊण टन, एक टन. नाव म्हणजे गाडी किती ओझं नेते त्याचं माप. आपल्याकडं ‘दीड टन पासिंग’ म्हणतात तसंच.

खऱ्या अर्थानं दणकट पिकअप युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात डॉज कंपनीनं अमेरिकी सैन्यासाठी पाऊण टनी चारचाकी-ओढ गाड्या हजारोंनी बनवल्या. युद्ध संपल्यावर त्याच हाडापेरावर १९४६ मध्ये नागरिकांसाठी ‘पॉवर वॅगन’ काढली. ९४ अश्वशक्तीचं इंजिन, पुढं हवी तर विंच, मागं शेतीची यंत्रं फिरवायला इंजिनची ताकद बाहेर काढायची सोय. दिसायला अगदी ओबडधोबड. जंगलखातं, वीजवाले, शेतकरी यांनी ती अक्षरशः राबवली. सैन्याच्या त्या डॉजचं एकास पस्तीसमधलं किट इटलीची इटालेरी कंपनी काढते. त्यात चाकांचं गणित इतकं उघडं दिसतं की मेकॅनिकच्या पोरांना शिकवायला वापरावं.

आता कोंबडी. १९५० च्या दशकात अमेरिकेत कोंबड्यांचे कारखाने उभे राहिले आणि चिकन स्वस्त झालं. ते गोठवून पश्चिम जर्मनीत जाऊ लागलं. तिथले शेतकरी ओरडले. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारानं आयात कोंबडीवरचा कर वाढवला. अमेरिकेनं वाटाघाटी केल्या, जमल्या नाहीत. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बदल्याचा हुकूम काढला: बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, या चार वस्तूंवर २५ टक्के जकात. जानेवारी १९६४ पासून लागू. ट्रकचं नाव घालण्याचं कारण फोक्सवॅगन. तिची हौद्याची छोटी गाडी अमेरिकेत खपू लागली होती.

स्टार्च गेलं, डेक्स्ट्रिन गेलं, ब्रँडीही सुटली. ट्रकवरचा कर साठ वर्षं उलटली तरी आहे. कांद्याचं निर्यातशुल्क महिन्याला बदलताना पाहिलेल्या आपल्या भागाला याचं नवल वाटेल. पण एकदा कराच्या भिंतीआड कोणाचं दुकान थाटलं की ती भिंत पाडायला कोणी येत नाही, हेही आपण पाहिलेलं आहेच.

या करातून पळवाटा काढताना गाड्यांचे काय काय आकार झाले बघा. आधी जपानहून छोट्या पिकअप बिनहौद्याच्या यायच्या, हौदा अमेरिकेत उतरल्यावर चढवायचा, कारण नुसत्या सांगाड्याला कर फारच कमी. १९८० मध्ये ती फट बुजवली. सुबारूनं ‘ब्रॅट’ नावाची गाडी आणली. तिच्या उघड्या हौद्यात मागं तोंड करून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या वेल्ड केलेल्या! खुर्च्या असल्या की ती प्रवासी गाडी, ट्रक नाही, म्हणून २५ टक्के वाचले. माणसाला हौद्यात बसवणं धोक्याचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण हिशेब करानं केला. पुढं रेगन राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या रँचवरही एक ब्रॅट होती. जपानच्या तामिया कंपनीनं तिचं एकास दहाचं रिमोटवर पळणारं मॉडेल काढलं आणि ते जगभर खपलं. आणि खुद्द फोर्ड? २००९ पासून फोर्ड तुर्कस्तानातून छोट्या व्हॅन आणायची, मागं सीट आणि काचा लावून, म्हणजे कागदावर प्रवासी गाडी. बंदरातून बाहेर पडली की सीट काढून टाकायची. हे प्रकरण इतकं वाजलं की २०२४ मध्ये फोर्डनं ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून ते मिटवलं. ज्या करानं आपल्याला साठ वर्षं सांभाळलं त्यालाच चुकवायला निघालेली कंपनी. गावाकडं याला काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही.

कोंबडीच्या करानं बाहेरच्या लहान पिकअप अडवल्या. मोठ्या करण्याचं काम दुसऱ्या कायद्यांनी केलं. १९७५ साली हवा प्रदूषणाचे नवे नियम आले, ते एकूण वजन ६,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना. फोर्डनं काय करावं? सहा हजारांच्या जरा वरची गाडी काढली. तीच एफ-१५०. शिसेविरहित पेट्रोल नको, धूर गाळायचं यंत्र नको. त्याच वर्षी इंधन-बचतीचा कायदा झाला, त्यात ट्रकला मोटारीपेक्षा सौम्य नियम, आणि ८,५०० पौंडांवरच्या दणकट पिकअप तर कित्येक वर्षं त्या हिशेबातच नव्हत्या. नंतर नियम असा बदलला की गाडीच्या चार चाकांमधली जागा जितकी मोठी तितकी मायलेजची अट ढिली. आता तुम्ही इंजिनिअर असाल तर काय कराल? चाकं लांब लांब न्याल.

एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी ट्रक-मालिका आहे. पण घेणारा माणूस बदलला. शेतकऱ्याच्या जागी ऑफिसला जाणारा आला, त्याला मुलाबाळांसाठी चार दारं हवी होती. केबिन वाढत गेली आणि हौदा खात गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या मॉडेल टीचा हौदा पावणेपाच फूट होता, आजच्या लोकप्रिय एफ-१५० चा साडेपाच. इतका प्रवास करून दहा इंच कमावले. ‘अर्धा टन’ हे नावही आता फक्त नाव.

हा सगळा बदल कोणत्याही संग्रहालयापेक्षा मॉडेलवाल्यांच्या कपाटात चांगला दिसतो. त्याचं कारणही धंद्यातलंच. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून डेट्रॉइटच्या गाड्यांची एकास पंचवीस मॉडेल एएमटीसारख्या कंपन्या कारखान्याच्या ड्रॉइंगवरून बनवायच्या, तीही शोरूमसाठी. गिऱ्हाइकाला या वर्षीचे रंग दाखवायला डीलर हे मॉडेल टेबलावर ठेवायचा, त्याच्या पोराच्या हातात द्यायचा. सुरुवातीचं प्लास्टिक असं होतं की काही वर्षांत मॉडेल उन्हातल्या पापडासारखं वाकायचं, आणि आज संग्राहक त्या वाकड्या गाड्याही जपतात. १९५८ मध्ये एएमटीनं जोडायची किट आणली, एका डब्यात तीन प्रकारे बनवता येईल अशी: शोरूमसारखी, सजवलेली किंवा शर्यतीची. १९५३ च्या फोर्ड पिकअपचं एएमटीचं किट, सत्तरच्या दशकातल्या एफ-१०० चं मोबियसचं आणि आजच्या रॅप्टरचं रेव्हेलचं, तिन्ही एकास पंचवीस. शेजारी ठेवली की जाहिरात गप्प बसते. दणकटपणाच्या आवडीचं म्हणाल तर तामियानं १९८१ मध्ये टोयोटा हायलक्सचं रिमोटवालं मॉडेल काढलं, त्यात खरे धातूचे पाटे आणि तीन गिअरची पेटी. खेळण्यात गिअर बदलतात! मी त्याचे फोटो पाहूनच कॅनच्या पाट्यांवर आलो.

मी प्रत्येक मॉडेलजवळ एकच पुठ्ठ्याचा माणूस उभा करतो. उंची ५ फूट ४ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेतीन इंचांना जरा कमी. फोर्डच्या सुपर ड्यूटी एफ-३५० पुढं त्याला उभं केलं तर बोनेट त्याच्या छातीला लागतं. लहान मूल ठेवलं तर ड्रायव्हरच्या नजरेतून दिसतच नाही. हा पुठ्ठ्याचा खेळ नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की ४० इंचांपेक्षा उंच बोनेटच्या गाडीनं पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बोनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. त्या देशात २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी मेले, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक. सगळा दोष गाडीचा नाही; वेग आहे, अंधार आहे, मोबाइल आहे. पण छातीवर येणारं बोनेट कायद्याच्या आडोशानं वाढलं, हे विसरता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आपल्याला काय? आपल्या गाड्यांचा आकारही असाच कागदावर ठरला. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हरलेच्या गाड्या जोडायची. फोर्डही इथं होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं शिफारस केली: नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथं बनवणार असाल तर राहा. दोघं गेले. कुर्ल्याच्या प्रीमियरनं डॉज आणि फार्गो ट्रक चालू ठेवले, महिंद्रानं जीप. १९५० च्या दशकाच्या शेवटी जर्मन कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पोची तीनचाकी आली आणि मराठीला ‘टेम्पो’ हा शब्द कायमचा मिळाला. आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी असो, म्हातारी माणसं टेम्पोच म्हणतात. मग मॅटाडोर. १९८६ मध्ये टाटा ४०७, जिनं जपानी भागीदारीत आलेल्या चार-चार कंपन्यांना टक्कर दिली. २००५ मध्ये छोटा हत्ती: ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ अश्वशक्ती. मोठ्या ट्रकच्या ओव्हरलोडवर बडगा उगारला गेला तेही त्याच वर्षी, आणि शहरांत मोठ्या ट्रकला दिवसा बंदी होतीच. गल्लीत शिरणाऱ्या गाडीला बाजार तयार मिळाला.

एक फाटा सांगून टाकतो. महिंद्राची पिकअप अमेरिकेत न्यायचा घाट २००६ च्या सुमारास घातला गेला होता. कोंबडीचा कर चुकवायला ती सुट्या भागांत पाठवून तिकडं जोडायचा विचार होता. चाचण्यांची प्रमाणपत्रंही मिळाली. पण वितरकाशी बिनसलं, प्रकरण लंडनच्या लवादात गेलं आणि गाडी गेलीच नाही.

तर तिकडं केबिननं हौदा खाल्ला, आपल्याकडं हौदा वाढत गेला. कारण साधं आहे. आपलं भाडं क्रेटवर ठरतं. २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्सच्या मोठ्या पिकअपला १० फुटी हौदा आणि दोन टनांपर्यंत ओझं. एफ-१५० च्या नेहमीच्या चार दारांच्या गाडीला एक टनही जड जातो. दणकट कोणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पण शेतकऱ्याला सकाळी मजूर आणायचे असतात आणि दुपारी टोमॅटो न्यायचा असतो, गाडी एकच. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांवरून निघालेल्या पंधरा बाया केबिनमध्ये कशा बसणार? त्या हौद्यात उभ्या राहतात, साखळीला धरून. लग्नाचं वऱ्हाडही तसंच, जत्रेची माणसंही तशीच.

आणि इथं कायद्याचा जो कोपरा आहे तो फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून नीट वाचा. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस धरला जातो, तोही १९९४ च्या दुरुस्तीनंतर. फुकट किंवा भाडं देऊन बसलेली बाकीची माणसं त्यात येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये आशा रानी खटल्यात हे स्पष्ट केलं की अशा प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. काही प्रकरणांत कोर्ट ‘आधी कंपनीनं द्यावं, मग गाडीमालकाकडून वसूल करावं’ असं सांगतं. म्हणजे शेवटी ओझं त्या मालकावर, ज्याची गाडी स्वतःच हप्त्यावर आहे. मेलेल्या बाईच्या घरच्यांनी कोर्टाच्या चकरा मारायच्या आणि मालकानं रान विकायचं. अशी दोन घरं मी जवळून पाहिली आहेत. दोन्हीकडं बातमी छापून आल्यावर पुढं काय झालं हे कोणी विचारलं नाही.

दोन ओळींच्या सीटची पिकअप आपल्याकडं बनत नाही असं नाही. बोलेरो कॅम्पर आहे, पाच माणसं आणि मागं एक टन. पण ती दिसते सरकारी खात्यांकडं, ठेकेदारांकडं. शेतकरी म्हणतो, दोन-तीन फूट हौदा गेला म्हणजे तेवढे क्रेट गेले. त्याचंही चुकत नाही. माझं मत असं की इथं सरकारनं हात घालावा. हौद्यातल्या माणसांसाठी फक्त चलन फाडून भागणार नाही. मजूर नेण्यासाठी बाक, छप्पर आणि पट्टे असलेली गाडी घेणाऱ्याला रस्ता-करात सूट द्या, विम्यात मजुरांची नावं घालायची सोय स्वस्त करा, बाजार समितीनं सीझनपुरती मजुरांची बस लावून बघावी. पंचवीस टक्के कर जर्मनीची गाडी साठ वर्षं दारात उभी करत नसेल, तर दोन-चार टक्क्यांची सवलत केबिनमागं एक बाक का वाढवणार नाही? बाजार समितीच्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे विचारा. मी विचारणार आहे, आणि काय उत्तर येतं ते इथंच लिहीन.

सध्या कॅम्परचं मॉडेल चालू आहे. मागच्या दाराची बिजागरी जमत नाहीये, कॅनचा पत्रा फार पातळ पडतो. ते झालं की फार्गो घ्यायचा विचार आहे, पण माप घ्यायला गाडीच मिळत नाही. जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या पट्ट्यात कोणाच्या वाड्यामागं, गोठ्याशेजारी जुना फार्गो किंवा पहिली मॅटाडोर उभी असेल, भंगारात निघायच्या बेतात असेल, तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. टेप घेऊन येतो. आणि मी आरटीओचा माणूस नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.